कोरडी फरशी

शालिग्राम गावंडे यांना तुम्ही मारलंत. उन्हानं नाही, वयानं नाही, तुम्ही. तुमच्या पाटीवर नुसतं 'प्राधिकरण' लिहिलेलं असतं, खाली कुणा माणसाचं नाव नसतं. त्यामुळे शिवी हासडायची तर ती नेमकी कुणाला लागणार, हेही कळायची सोय नाही. तुम्ही म्हणता, आम्ही तर फक्त वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला शिकवलं. खरं आहे. आणि बोलायला शिकवता शिकवता, त्यांच्यातलं एखादं वेगळं बोललं तर त्याचं तोंड कसं दाबायचं, तेही तुम्हीच शिकवलंत. ते कसं घडलं ते ऐका. ऐकून घ्यायची सवय नसेल, तरी ऐका.

शालिग्राम गावंडे म्हणजे अकोल्याच्या बसस्थानकाचा आवाज. 'अकोटकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे' हे वाक्य बोलण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त झाले, माइक सुटला, पण सवय सुटली नाही. ताटात पोळी पडली की ती फलाटावर लागल्याचं ते घरभर जाहीर करत. बायको गेल्यावर एकटेच राहत होते. मुलगा हर्षल पुण्याला. मुलगी तृप्ती अकोल्यातच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या संसारात.

तृप्तीचा धंदा घरं जुळवायचा. पूर्वी माणसं लग्नं जुळवत, ती पंखे आणि कुलपं जुळवायची. लोकांच्या घरात कुलूप एका कंपनीचं, एसी दुसरीचा, दिवे तिसरीचे. प्रत्येकाचं ॲप वेगळं, रुसवा वेगळा. दार उघडलं हे पंख्याला कळत नसे आणि माणूस घराबाहेर पडला हे एसीच्या गावी नसे. एका चुलीवर सहा जावा, तसा कारभार. तृप्ती पिशवी घेऊन जायची, काहीतरी खटपट करून त्यांना नांदायला लावायची आणि महिनाभरानं पुन्हा कुणीतरी माहेरी निघून गेल्याचा फोन यायचा.

मग तुमचा नियम आला. यापुढे विकलं जाणारं प्रत्येक यंत्र एकच सामाईक भाषा बोलेल. भाषेचं नाव 'सुसंवाद'. त्या दिवशी तृप्तीनं गल्लीत पेढे वाटले होते, हे इथं सांगून ठेवलेलं बरं.

सुसंवाद मुळात वाईट नव्हता. त्यामागचा विचार साधा होता. छतावरची चकती रेडिओलहरी सोडते आणि त्या अंगावर आपटून कशा परत येतात त्यावरून माणूस उभा आहे की आडवा, छाती हलते की नाही, ते ओळखते. पलंगाखालच्या पट्टीला वजन कळतं. मनगटाच्या पट्ट्याला नाडी आणि अंगाचा ताप कळतो. पण चकतीला नाडी म्हणजे काय ते माहीत नाही आणि पट्ट्याला छत माहीत नाही. मग त्यांनी बोलायचं कशाबद्दल? म्हणून सुसंवादानं सगळ्यांना माणसासाठी मोजके शब्द दिले. जागा. बाहेर. विश्रांती. पडला. प्रत्येक यंत्रानं आपल्याला जे कळतं त्यावरून यातला एक शब्द उच्चारायचा. ज्याचं म्हणणं आधी खरं ठरलं त्याच्या शब्दाला वजन जास्त, जो वारंवार खोटा पडला त्याला कमी. सगळ्यांची बेरीज होऊन जो शब्द वर येईल ते घराचं मत. मग पंखा, कुलूप, फोन, पडदे, सगळ्यांनी त्या मताप्रमाणे वागायचं. थोडक्यात, घराची पंचायत.

माणूस नावाचा अख्खा प्राणी या मोजक्या शब्दांत बसवला, हे तेव्हा कुणाला खटकलं नाही. तृप्तीलाही नाही.

तिनं वडिलांच्या घरी सगळं बसवलं तेव्हा शालिग्राम खुर्चीत बसून बघत होते.

"काय वं, इतके भाडेकरू आनून ठेवले माह्या घरात?"

"भाडेकरू नाहीत बाबा, राखणदार आहेत. हर्षल रोज मला टोचून बोलतो, बाबांना एकटं ठेवलंय म्हणून. आता तुम्ही एकटे नाही."

"भांडतात का हे आपसात?"

"आता नाही भांडत. एकच भाषा बोलतात सगळे."

शालिग्रामांनी छताकडं बघितलं. "पोरी, ज्या घरातून भांडन ऐकू येत नाई ना, तिथं कोनाचं तरी तोंड दाबेल असते. आपल्या मोठ्या काकाचं घर आठव."

"बाबा, हा पट्टा घाला हातात."

"हे बेडी कायले? म्या काय चोरी केली?"

घातला त्यांनी. पण खाज सुटायची म्हणून स्वयंपाक करताना काढून गॅसच्या वर, खिळ्याला अडकवायचे. वाफेनं पट्टा तापायचा आणि बोंब मारायचा की माणसाचं अंग भट्टीसारखं झालंय आणि नाडी लागत नाही. शालिग्राम खाली वरण ढवळत उभे. चार-सहा वेळा असं झाल्यावर घराच्या पंचायतीत पट्ट्याची पत गेली. त्याच्या शब्दाला वजन उरलं नाही.

आणि मे लागला.

वऱ्हाडातला मे ज्यानं अंगावर काढला नाही त्याला हे सांगून कळायचं नाही. भिंती रात्रीसुद्धा थंड होत नाहीत. दुपारी गादीवर पडलं तर खालून कुणी शेगडी ठेवल्यासारखं वाटतं. एसी शालिग्रामांना सोसत नसे, 'हाडं धरतात' म्हणत. त्यांचा इलाज बापजाद्यांचा होता. जेवण झालं की मोरीतून बादलीभर पाणी आणायचं, शहाबादी फरशीवर ओतायचं, खराट्यानं दाराबाहेर लोटायचं आणि ओल्या फरशीवर उघड्या पाठीनं पडायचं. तासाभरात फरशी वाळेपर्यंत स्वर्ग. अर्ध्या अकोल्याच्या म्हाताऱ्यांची दुपार अशीच जाते.

चकतीला बापजादे माहीत नव्हते. तिला दिसलं ते एवढंच, की चालता माणूस जमिनीवर आडवा झाला. ती म्हणाली, पडला. पलंगाची पट्टी म्हणाली, माझ्यावर नाही. घराचं मत ठरलं आणि रुग्णवाहिका भोंगा वाजवत दारात.

शेजारच्या विमलकाकू पदर सावरत धावत आल्या, गल्ली गोळा झाली. स्ट्रेचर घेऊन आत शिरलेल्या पोरांच्या आवाजानं शालिग्राम उठून बसले.

"कोन गेलं?"

"आजोबा, तुम्ही... तुम्ही ठीक आहात?"

"मी? मी फलाटावर लागेल हाओ बाप्पा. सुटाले अजून टाइम हाये."

हसून हसून गल्लीची पुरेवाट. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. रुग्णवाहिकेतली नर्स धावत आलेल्या तृप्तीवर दारातच उखडली. "ताई, तिकडं एक बाई बाळंतपणाला अडलीय आणि आम्ही तुमच्या वडलांची झोप मोडायला येतोय. जरा तरी लाज?"

तृप्तीला खरोखरच लाज वाटली. तिनं वडिलांची विनवणी केली. "बाबा, पलंगावर झोपत जा ना."

"पलंग तापते वं. गादीतून वाफा निंगतात."

तेव्हा घरानं तिला फोनवर विचारलं: दुपारी जमिनीवर आडवं होणं हे नेहमीचं आहे का? आणि तिनं 'नेहमीचंच' दाबलं. खोटं काय होतं त्यात? नेहमीचंच होतं. पण 'ओल्या फरशीवर दुपारी पडणे' असा शब्द सुसंवादात नव्हता. जवळचा शब्द होता 'विश्रांती'. तो लागला आणि त्या एका शब्दाबरोबर विश्रांतीचा सगळा लवाजमा आपोआप आला. पंखा मंद. पडदे ओढलेले. खिडक्या मिटलेल्या. फोन मुका. दारावर कुणी आलं तर दारानंच हलक्या आवाजात परत पाठवायचं.

अशा खोट्या हाका राज्यभर वाढल्या होत्या, म्हणून तुम्ही काय केलंत? नियमात एक ओळ घातलीत. घराचं मत एकदा ठरलं की त्याविरुद्धचं यंत्राचं म्हणणं कुणाला दाखवायचं नाही. ना मालकाला, ना मुलीला, ना रुग्णवाहिकेला. कारण दिलंत, 'विनाकारण घबराट टाळणे'. जुळवणी करणाऱ्या माणसांना या ओळीची सूचना आली होती. तृप्तीनं ती वाचली आणि मान डोलावली. त्या नर्सचा चेहरा अजून तिच्या डोळ्यांपुढं होता.

पट्ट्याबद्दल मात्र तिनं वडिलांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी शालिग्राम म्हणाले, "बरं माय, तुह्यासाठी घालतो. गॅसपाशीबी काहाडत नाई. खूश?"

त्यांनी शब्द पाळला. त्या दुपारीही पट्टा त्यांच्या हातातच होता; पंचायतीतली गेलेली पत मात्र त्याला अजून परत मिळाली नव्हती.

त्या दुपारी तृप्ती किशोर लढ्ढांच्या बंगल्यावर होती. लढ्ढांची आई अंथरुणाला खिळलेली. त्यांना सगळं घर सुसंवादात आणायचं होतं, पण मन घेत नव्हतं.

"मॅडम, मी दिवसभर दुकानात. ह्या डब्यांच्या भरवशावर आईला सोडायचं?"

तृप्तीनं आपला फोन त्यांच्यापुढं धरला. "हे बघा, माझ्या वडिलांचं घर. ते एकटेच राहतात. आता ह्या क्षणी काय चाललंय ते बघा."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत होतं: घर शांत. बाबा: विश्रांती.

"सगळी यंत्रं मिळून सांगतात हे. एक चुकलं तर बाकीची सांभाळून घेतात. मी माझ्या बापाला ह्यांच्या भरवशावर ठेवलंय, आणखी काय सांगू?"

लढ्ढा वाकून बघत राहिले. "शांत झोपलेत म्हणजे."

"एकदम शांत."

"मग आमच्या आईलाही असंच करून द्या."

तिनं वडिलांना सहज फोन लावला. घरानं उचलला. 'विश्रांती चालू आहे. निरोप ठेवायचा आहे का?' तिनं ठेवला. "बाबा, उठलात की फ्रीजमधलं पन्हं घ्या. गूळ कमी घातलाय, नावं ठेवू नका."

ती पुन्हा कामाला लागली. लढ्ढांच्या आईच्या हातात पट्टा बांधत होती तेवढ्यात विमलकाकूंचा फोन आला.

"तृप्ती, तुह्ये बाबा दार नाई उघडत वं. ताक घेऊन आलती मी. तीनदा हाक मारली तं दारच मले म्हन्ते, हळू बोला."

"झोपलेत काकू. मी आत्ताच बघितलं."

"हो, पन पायरी कोरडी हाये."

"काय?"

"रोज त्याईचं पानी माह्या अंगनापर्यंत येते, माही रोज कटकट असते. आज पायरीवर थेंब नाई. पानी टाकल्याबिगर कसे झोपले ते?"

तृप्तीनं पट्टा अर्धवट बांधलेला तसाच सोडला. लढ्ढा काहीतरी विचारत होते. ती जिना उतरलीसुद्धा होती.

गाडी चालवताना तिनं फोन समोर लावला होता. सगळा रस्ताभर त्यावर तेच हिरवं वाक्य. घर शांत. ते वाक्य खरं असावं म्हणून तिनं देवाला काय काय कबूल केलं, तिचं तिलाच ठाऊक.

कुलपानं तिचं बोट ओळखलं. दार उघडलं. आत अंधार, कोंदट, उकडलेल्या भांड्यासारखी हवा. पंखा इतका हळू फिरत होता की पाती मोजता आली असती. मोरीच्या उंबऱ्यावर बादली होती, काठोकाठ भरलेली, त्यात प्लास्टिकचा मग तरंगत होता. रोजच्यासारखं गच्चीवर पाखरांना पाणी ठेवून ते भर उन्हातून खाली आले असणार, बादली भरली असणार आणि पाणी ओतायच्या आधीच भोवळ आली असणार.

शालिग्राम कोरड्या फरशीवर कुशीवर पडले होते. अंग तापलेल्या तव्यासारखं, घामाचा टिपूस नाही. मनगटावर नखाएवढा पडदा लाल उघडझाप करत होता. ताप धोक्याचा. मदत बोलवा. ताप धोक्याचा. मदत बोलवा.

"बाबा! बाबा!"

भिंतीतून आवाज आला, मऊ, समजूतदार. "कृपया हळू बोला. बाबा विश्रांती घेत आहेत."

"रुग्णवाहिका बोलव! लवकर!"

"घराच्या मते तातडी नाही. तरीही बोलवायची असल्यास कारण सांगा."

तृप्तीच्या मागोमाग आत आलेल्या विमलकाकूंनी कारण सांगितलं नाही. त्यांनी ती भरलेली बादली उचलली आणि शालिग्रामांच्या अंगावर ओतली. पाणी फरशीवर पसरलं, दाराकडं वाहत गेलं, उंबऱ्यावरून पायरीवर उतरलं. तृप्ती आपल्या फोनवरून पत्ता ओरडत होती. आणि ते पाणी बघून काकूंनी बादली टाकली आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

बसस्थानकाचा आवाज दवाखान्यात एक शब्दही न बोलता गेला.

हर्षल आला, सगळे विधी झाले, माणसं पांगली. मग भाऊ-बहीण त्या खोलीत समोरासमोर बसले. छतावरची चकती तृप्तीनं उपटून टाकली होती, तिथं वायरी लोंबत होत्या.

"'नेहमीचंच' तूच दाबलंस ना?" हर्षलनं विचारलं.

"हो."

"मी म्हणत होतो पुण्याला नेऊ. तू म्हणालीस, घर आहे ना लक्ष ठेवायला."

"तू म्हणत होतास रे. नेत नव्हतास."

हर्षल म्हणाला, "तुझं तर हे रोजचं काम आहे, तायडे. तुला कसं कळलं नाही?"

हर्षल दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. तो वाईट नाही. त्याला कुणाला तरी धरायचं होतं, आणि हाताशी बहीण होती. तुमच्या पाटीवर नाव असतं तर कदाचित त्यानं तुम्हाला धरलं असतं.

तृप्तीनं प्रत्येक कंपनीचं दार ठोठावलं. चकतीवाले म्हणाले, माणूस जमिनीवर आहे हे आम्ही बरोबर सांगितलं. पंखेवाले म्हणाले, आम्ही हुकमाचे ताबेदार. पट्ट्याची कंपनी लहान होती, तिथली मुलगी फोनवर रडली. "ताई, आमचा पट्टा सांगत होता हो. दुपारभर सांगत होता. पण त्याचं म्हणणं घराबाहेर काढायची आम्हाला परवानगीच नाही." आणि तुम्ही कळवलंत: सुसंवाद नियमानुसार चालला, एकमत विधिवत झालं, आपल्या दुःखात सहभागी आहोत.

विधिवत! दुपारभर एक यंत्र खरं बोलत होतं, आणि त्याला बोलायची मुभा होती ती नखाएवढ्या पडद्यावर. तोही कुठं, तर बेशुद्ध माणसाच्या मनगटावर.

मग तृप्तीनं तिला जे करता येत होतं ते केलं. ती लढ्ढांकडं परत गेली, अर्धवट राहिलेली जुळवणी पुरी केली आणि त्यांच्या आईचा पट्टा तेवढा सुसंवादातून सोडवला. पंगतीतून उठवून त्याला वेगळं पान मांडलं. पट्टा बोंबलला की थेट लढ्ढांच्या फोनवर बोंबलणार, बाकीची यंत्रं काहीही म्हणोत.

"पण मॅडम, खोटंच बोंबललं तर?" लढ्ढांनी विचारलं.

"तर दुकानातून उठून या. आई जिवंत दिसेल. चिडा, तिला चार शब्द ऐकवा आणि परत जा."

पट्टा तसाच राहिला. तृप्तीनं मग तिनं पूर्वी जुळवलेलं एकेक घर गाठलं आणि जिथं म्हातारं माणूस होतं तिथं पट्टा सोडवत गेली. काहींनी दारातून परत पाठवलं. बऱ्याच जणांनी आत घेतलं.

तुमची नोटीस आली ती यानंतर. वडील गेले तेव्हा तुम्हाला नोटीस काढायला कुणी सापडलं नाही. पट्टे सुटले तेव्हा मात्र माणूस लगेच सापडला.

सुनावणी पडद्यावर झाली. समोर एकही चेहरा नव्हता, तुमचं बोधचिन्ह होतं आणि एक आवाज होता. मऊ, समजूतदार.

"आपण मानक मोडलं, हे मान्य आहे?"

"मान्य."

"यामुळे खोट्या हाका वाढतील, याची जाणीव होती?"

"होती. माझ्यामुळे बाळंतपणाला अडलेली एक बाई ताटकळली होती, ते मी विसरलेले नाही. म्हणूनच तर तुमची ती ओळ मी गुमान मान्य केली होती."

"मग तरीही?"

तृप्तीनं पट्टा कॅमेऱ्यासमोर धरला. "हा खरं बोलत होता. तुम्ही त्याचं ऐकू नका, बहुमत नाही त्याला, ठीक आहे. रुग्णवाहिका पाठवू नका, तेही ठीक. पण मला सांगायला काय झालं होतं? मी बाबांची मुलगी होते. एवढंच कळवायचं होतं की एकाचं म्हणणं वेगळं आहे. मी फोन केला असता. काकूंना बघायला सांगितलं असतं. काकू तर दारातच उभ्या होत्या हो! ते मला कळू द्यायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"हा आजच्या सुनावणीचा विषय नाही."

"कुणी ठरवलं? माणूस होता ना कुणीतरी? त्याचं नाव सांगा."

बोधचिन्ह तसंच राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी ओळ उमटली: कामकाज सुरळीत राहावे म्हणून आपला आवाज बंद करण्यात आला आहे.

तृप्ती बोलत राहिली. तिचे ओठ हलत होते, हातातला पट्टा हलत होता. पलीकडं शांतता होती, एकदम शांत. तिचा परवाना रद्द झाला. ती आता घरं जुळवत नाही. लढ्ढांच्या आईचा पट्टाही तुमच्या माणसांनी येऊन पुन्हा जोडून दिला. म्हातारीच्या घराचं मत आता पुन्हा एक आहे.

तिचा आवाज तुम्ही बंद केलात, प्रश्न काही बंद झाला नाही. तो शालिग्राम गावंड्यांच्या आवाजात, माइकवरून, अख्ख्या स्थानकाला ऐकू जाईल असा विचारायला हवा होता. ती सोय तुम्ही ठेवली नाहीत, म्हणून इथं विचारलाय. एक यंत्र खरं बोलत होतं. ते मुलीला सांगायचं नाही, ही ओळ नियमात कुणी लिहिली? मंडळ नको, समिती नको, बोधचिन्ह नको. नाव सांगा.